भास्कराचार्यांचा हात किती लांब होता?

‘आपल्या पूर्वजांना पृथ्वीचा व्यास किलोमीटरपर्यंत अचूक माहीत होता’ असा फॉरवर्ड तुमच्याही मोबाइलवर कधीतरी येऊन गेला असेल. त्याला हसू नका. माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणात मीही जवळपास तेच करून बसलो होतो. जुन्या ज्योतिषग्रंथांतली योजनांतली अंतरं मांडली आणि शेजारी हौसेनं किलोमीटरचा रकाना भरला. गाईडनी एवढंच विचारलं, ‘योजन किती किलोमीटरचं धरलंस?’ म्हटलं, ‘आठ.’ ‘हे आठ आले कुठून?’ मला उत्तर देता येईना. आजचा लेख त्या प्रश्नावर.

योजन हे मुळात जमिनीवरचं, चालत जायच्या अंतराचं माप. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) कोष्टक आहे: २४ अंगुळांचा एक हात, ४ हातांचा एक दंड, २००० दंडांचा एक कोस आणि ४ कोसांचं एक योजन. म्हणजे एका योजनात ३२,००० हात. आता साडेसहाशे वर्षं मागं जा. आर्यभट (इ. स. ४९९) सांगतो की ८००० पुरुष-उंचींचं एक योजन, आणि पुरुषाची उंची ४ हात. गुणाकार करून बघा, पुन्हा ३२,००० हातच!

व्याख्या एकच, मग पृथ्वीचा व्यासही सारखाच यायला हवा ना? पण आर्यभट देतो १०५० योजनं आणि भास्कराचार्य देतात सुमारे १५८१. मधल्या काळात पृथ्वी काही दीडपट फुगली नाही. मग बदललं काय?

हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला, तर योजन १४.४ किलोमीटरचं होतं. त्या हिशोबानं आर्यभटाची पृथ्वी १५,१२० किलोमीटर व्यासाची आणि भास्कराचार्यांची जवळजवळ २२,८०० किलोमीटरची. खरा व्यास १२,७४२. आता उलट बाजूनं या. १२,७४२ ला १५८१ नं भागलं की योजन येतं ८ किलोमीटरचं. माझे ‘आठ’ इथूनच आले होते! आजच्या उत्तरावरून योजन काढायचं, आणि त्याच योजनानं गुणून ‘बघा, किती अचूक’ म्हणायचं. मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित सोडवल्यासारखंच झालं हे. शिवाय ८ किलोमीटरच्या योजनात ३२,००० हात बसवायचे, तर एक हात २५ सेंटिमीटरचा होतो. याला हात म्हणायचं की वीत?

जमीन मोजणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. शिवकाळातली मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची होती असं सभासद बखरीत येतं, आणि तिथं हात चौदा तसूंचा असल्याचंही वेगळं सांगावं लागलं. नुसतं ‘हात’ म्हणून भागत नाही. कुणाचा हात, हे ठरवावंच लागतं.

मग ही सगळी अंतरं निरुपयोगी का? मुळीच नाही. फक्त किलोमीटर सोडून द्या आणि योजनांना योजनांनीच भागा. आर्यभटाच्या कक्षेवरून चंद्राचं अंतर येतं ३४,३७७ योजनं, पृथ्वीची त्रिज्या ५२५. भागाकार ६५.५. भास्कराचार्यांकडे चंद्र ५१,५६६ योजनांवर, त्रिज्या सुमारे ७९०. भागाकार ६५.२. आधुनिक आकडा ६०.३. योजन वेगळं असूनही दोघांचं उत्तर जवळपास एकच, आणि वास्तवाच्याही बरंच जवळ!

सूर्याच्या बाबतीत मात्र हे जमलं नाही. भास्कराचार्यांचा सूर्य पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ८७२ पट लांब आहे. खरं अंतर सुमारे २३,५०० पट. कारण असं की, सगळे ग्रह रोज सारखीच योजनं चालतात असं गृहीत धरलं होतं. चंद्र जवळ आहे. पृथ्वीवरची जागा बदलली की तो आकाशात किंचित सरकलेला दिसतो (याला लंबन म्हणतात), आणि ग्रहणांमध्ये हा फरक हाती लागतो. सूर्याचं लंबन इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांनी ते मोजता येत नाही. तिथं गृहीतकावरच विसंबावं लागलं, आणि ते चुकीचं होतं.

माझ्या प्रकरणातला किलोमीटरचा रकाना आता गेला. त्या जागी गुणोत्तरांचा रकाना आलाय. आकडे कमी भव्य दिसतात खरे, पण त्या लोकांना काय मोजता आलं आणि कुठं अंदाज करावा लागला, हे त्यातून नीट कळतं. मला विचाराल तर, त्यांच्या कामाचा मान यातच जास्त राहतो.

पुढच्या वेळी तो फॉरवर्ड आला, तर पाठवणाऱ्याशी भांडू नका. फक्त विचारा, ‘काका, हात किती सेंटिमीटरचा धरलाय?’