एका मृत्युनोंदीपासून पोलीस रेजिमेंटपर्यंत

आज आपण एकाच प्रकारच्या कागदाविषयी बोलणार आहोत: दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या जर्मन शिपायाची मृत्युनोंद. तिच्यात असतं काय? नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, ठिकाण आणि तुकडी. एवढ्यावरून त्या तुकडीचा इतिहास कसा शोधायचा, आणि त्या इतिहासावरून त्या माणसाबद्दल किती बोलायचं, हा आपला प्रश्न.

एक उदाहरण घेऊ. समजा नोंद अशी आहे: मृत्यू २३ मार्च १९४४, रोम, पोलीस रेजिमेंट बोत्सेन, ११ वी कंपनी. त्या दुपारी रोममधल्या राझेल्ला रस्त्यावर इटालियन प्रतिकारकांनी बॉम्ब उडवला आणि या कंपनीचे ३३ शिपाई मरण पावले.

पहिली अडचण ‘पोलीस’ या शब्दाची. आपल्या डोळ्यांसमोर चौकीतला हवालदार येतो. पण १९३६ मध्ये हिमलर साऱ्या जर्मन पोलिसांचा प्रमुख झाला आणि पोलिसांचे दोन मोठे विभाग पडले. एक गणवेशातले ‘सुव्यवस्था पोलीस’. दुसरे ‘सुरक्षा पोलीस’. गेस्टापो यात येते. युद्धात सुव्यवस्था पोलिसांच्या बटालियन उभारून व्याप्त प्रदेशांत पाठवल्या गेल्या. हॅम्बुर्गच्या १०१ क्रमांकाच्या राखीव बटालियनने १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफूफ गावात सुमारे १५०० ज्यू माणसं गोळ्या घालून मारली. तेव्हा ‘नुसते पोलीस होते’ हे वाक्य काहीच सिद्ध करत नाही. आणि ‘पोलीस होते म्हणजे खुनीच’ हेही सिद्ध होत नाही. बघावी लागते ती नेमकी तुकडी आणि नेमकी तारीख.

दुसरी अडचण नावाची. बोत्सेन हे दक्षिण तिरोलमधलं शहर, इटालियनमध्ये बोल्झानो. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, जर्मनांनी तो भाग ताब्यात घेतला आणि तिथल्या जर्मनभाषक पुरुषांची भरती करून ही रेजिमेंट उभी केली. तिच्या नावामागे ‘एसएस’ ही अक्षरं लागली एप्रिल १९४४ मध्ये, म्हणजे बॉम्बस्फोटानंतर. मार्चमध्ये मेलेल्या शिपायाच्या नोंदीत ‘एसएस’ दिसलं, तर ती नोंद मागाहून लिहिली गेली, असा संशय घ्यायला जागा आहे. तुकडीचं नाव म्हणजे कायमचा पत्ता नव्हे.

तिसरी गोष्ट गळ्यातल्या बिल्ल्याची. जर्मन शिपायाचा बिल्ला लंबगोल असे, मधोमध छिद्रांची रेघ. माणूस मेला की अर्धा तोडून घ्यायचा, अर्धा प्रेताबरोबर ठेवायचा. पण त्यावर कोरलेली तुकडी ही बिल्ला ज्या तुकडीने दिला तिची असते, तो मेला त्या वेळची असेलच असं नाही. सैनिकांच्या मृत्यूंची माहिती ठेवणारं बर्लिनचं कार्यालय १९३९ मध्ये सुरू झालं. २०१९ पासून त्याचे कागद जर्मन संघीय अभिलेखागाराकडे आहेत. शोध तिथून सुरू होतो, तिथे संपत नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. या नोंदी आज कुणाला का हव्यात? मार्च २०२३ मध्ये इटलीच्या सेनेटचे अध्यक्ष ला रूस्सा म्हणाले की राझेल्ला रस्त्यावर मेलेले लोक म्हणजे निवृत्तीला आलेल्यांचं बँडपथक होतं. टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली. इथे मृत्युनोंद कामाला येते. जन्मतारखा पाहा: कुणी विशीच्या शेवटी, कुणी तिशीत, कुणी चाळिशीच्या आसपास. तुकडी पाहा: पोलीस रेजिमेंटची कंपनी. बँड कुठेच नाही.

दुसरी दंतकथा याहून जुनी. प्रतिकारक स्वतःहून हजर झाले असते तर सूड टळला असता, असं कित्येक वर्षं सांगितलं गेलं. तारखा शेजारी शेजारी मांडा. बॉम्ब २३ मार्चच्या दुपारी. आर्देआतीने गुहांमध्ये कत्तल २४ मार्चच्या दुपारी. बातमी वर्तमानपत्रांत आली २५ मार्चला, आणि तीही हुकूम पार पाडल्याचं सांगणारी. हजर व्हायला सांगितलं केव्हा? अवकाशच दिला नाही.

त्या गुहांमध्ये ३३५ माणसं मारली गेली. एका जर्मनामागे दहा असा हिशेब होता, वर पाच जास्त. त्यांतले ७५ ज्यू होते. मारणारे होते काप्लर या सुरक्षा पोलीस अधिकाऱ्याचे लोक, बोत्सेन रेजिमेंट नव्हे. काप्लरने पुढे खटल्यात सांगितलं की, बोत्सेनच्या बटालियनप्रमुखाने आपल्या माणसांकडून हे काम करून घ्यायला नकार दिला होता. साक्ष आरोपीची आहे, जपूनच वापरायची. पण याच रेजिमेंटची दुसरी बटालियन ऑगस्ट १९४४ मध्ये बेल्लुनो प्रांतातल्या बिओइस खोऱ्यातल्या हत्याकांडात होती. म्हणजे रेजिमेंट एक, बटालियन वेगळ्या, आणि कृत्यंही वेगळी.

आणखी एक फरक आपण विसरू नये. शिपायाच्या मृत्यूची नोंद करायला कार्यालय होतं, बिल्ला होता. त्या ३३५ जणांसाठी काहीच नव्हतं. गुहेची तोंडं स्फोट करून बंद केलेली. रोम मुक्त झाल्यावर डॉक्टर आतिल्यो आस्कारेल्ली यांनी कपडे, कागद, खिशातल्या वस्तू यांवरून एकेकाची ओळख पटवली. काहींची पटलीच नाही.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात सामूहिक जबाबदारीचा प्रश्न आम्ही नेहमी शब्दांनी सोडवत असू. हे कागद सांगतात की आधी तारीख, कंपनी आणि हुकूम देणारा शोधा, मग ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ हा शब्द वापरा. त्याच वर्षी आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही इटलीत लढत होते, मरत होते. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथेच पडले. तुमच्या घरातही असा एखादा कागद असेल तर त्याला हेच प्रश्न विचारा. आणि शिपायाची मृत्युनोंद हाती आली की त्याच दिवशी, त्याच गावात आणखी कोण मेलं आणि त्यांची नोंद कुणी केली, हेही विचारा. तुकडीचा इतिहास बहुधा त्या दुसऱ्या नोंदीत सापडतो.