दुसऱ्याच्या चित्राकडे पाहताना



कामगारांच्या सभा घेणारा माणूस फोटोग्राफीवर काय बोलणार, असे आपल्या मनात येईल. मीही हौसेने फोटो काढीत असे. तीसेक वर्षांपूर्वी एका पोराने शिरोड्याच्या मिठागरावर मीठ वाहणाऱ्या बायकांचा फोटो काढला आणि मोठ्या आशेने मला दाखवला. मी चारचौघांत म्हणालो, "चेहरे काळे आलेत. रीळ फुकट घालवलेस." त्याने पुन्हा मला फोटो दाखवला नाही. माझी शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत वाचून झाले. त्या वाचनातच या गोष्टीचा जुना धागा सापडला.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. सभासद बहुतेक हौशी: लष्करी अधिकारी, डॉक्टर, सरकारी नोकर. त्यांत डॉ. नारायण दाजी होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे ते धाकटे बंधू. घराणे मूळचे पेडण्याकडचे, म्हणजे आपल्या तेरेखोलच्या खाडीपलीकडले. पुढे सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही ते होते.

अशा मंडळींत सभासद आपली चित्रे मांडीत आणि कृतीवर निबंध वाचीत. बोलणे कृतीचे असे, हे महत्त्वाचे. तेव्हा काचेवर कलोडियन ओतून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काच पाहता पाहता सुके. मग दोष हाताचा की हवेचा, हे विचारल्याशिवाय टीकेला अर्थ काय? लंडनच्या सोसायटीने तर १८५५ साली चित्रे का विटतात हे शोधायला समितीच नेमली. कागदात उरलेला हायपो हे मोठे कारण निघाले. म्हणजे चित्र अधिक पाण्याने धुवा. दोषाबरोबर उपाय सांगितला की ऐकणाराच्या हाताला काम मिळते.

पण सारे गोडगोड नव्हते. कलकत्त्याच्या सोसायटीचे खजिनदार राजेंद्रलाल मित्र यांनी १८५७ साली टाऊन हॉलच्या सभेत निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर कडक टीका केली, आणि सोसायटीतल्या गोऱ्यांनी त्यांना बाहेर काढले. चित्रावर बोला, मळ्यावर बोलू नका! युनियनवाल्याला ही अट नवी नाही. एकाला बोलण्याची किंमत मोजावी लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, तिथे चित्राबद्दलचे मतही मोकळे राहत नाही. त्या दिवशी मिठागरावर पुढारी मी होतो आणि पोरगा नुसता पोरगा; त्याने उलट काय बोलायचे?

आता त्या काळ्या चेहऱ्यांबद्दल. मीठ इतके पांढरे असते की कॅमेऱ्यातला प्रकाशमापक फसतो. सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून तो उजेड कमी घेतो. मीठ मळकट येते, माणसे काळवंडतात. तळहातावर पडलेला उजेड मोजावा आणि त्याहून थोडा जास्त द्यावा, म्हणजे चेहरे उघडतात. हे मला नंतर कळले. तेव्हा कळले असते तर दोन वाक्यांचे काम होते. आणि ते त्याला बाजूला घेऊन सांगायचे.

फोटो माझ्याजवळच राहिला. पुढे त्यातल्या दोघीतिघींना दाखवला. चेहरे नव्हतेच, तरी टोपली धरण्याच्या ढबीवरून कोण कुठे उभी आहे ते त्यांनी बिनचूक सांगितले, आणि विचारले, "ह्यो कोणी काढल्यान?"