बिल्ला कोणाचा, भरवसा कोणाचा

‘दीवार’मधला ७८६ नंबरचा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. सिनेमा १९७५चा, पण त्याच्या क्लिप अजून फोनवर फिरतात. गोदी कामगाराचा साधा पितळी बिल्ला, आणि तो बंदुकीची गोळी अडवतो. सिनेमात तो नशिबाचा बिल्ला आहे. खऱ्या आयुष्यात मात्र असल्या बिल्ल्यांचं काम फार रुक्ष होतं. समोरचा माणूस कोण आणि त्याला कोणी पाठवलं, एवढंच त्यांनी सांगायचं.

आपल्या भाषेत हे काम अजून शिल्लक आहे. कचेरीतल्या शिपायाला आपण ‘चपराशी’ म्हणतो. चपरास म्हणजे कचेरीचं नाव कोरलेला धातूचा बिल्ला, आणि तो लावणारा तो चपराशी. दुसरा शब्द ‘पट्टेवाला’. हा बिल्ला ज्या पट्ट्यावर बसवायचा, त्या पट्ट्यावरून हा शब्द आला. म्हणजे माणसाची ओळख त्याच्या नावावरून नव्हे, अंगावरच्या वस्तूवरून ठरली. रेल्वेच्या हमालाचं तर त्याहून पुढचं. त्याच्या बिल्ल्यावर नुसता नंबर.

मी गेली काही वर्षं असे बिल्ले गोळा करतो. मोठा संग्रह वगैरे नाही, एका डब्यात मावतील इतके. पण मी यवतमाळचा, त्यामुळे आपल्या जिल्ह्याचं नाव असलेला बिल्ला विकायला आला की हात आपोआप स्क्रीनवर थांबतो. या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. असा बिल्ला ऑनलाइन घेताना भरवसा कोणावर ठेवायचा ही एक. आणि त्यासाठी जिल्ह्याचा इतिहास का माहीत हवा, ही दुसरी. खरं तर या दोन्ही एकच आहेत.

खोटा बिल्ला ही जुनीच गोष्ट

एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या वऱ्हाडी खेड्याची कल्पना करा. गावात अनोळखी माणूस येतो आणि म्हणतो, तहसिलीतून आलोय, सारा भरा. लिहिता-वाचता येणारे दोन-चार जण. कागद दाखवला तरी वाचणार कोण? तिथं पट्टा आणि पितळेची चकती बोलायची.

अर्थात जी वस्तू पाहून लोक विश्वास ठेवतात, तिची नक्कल होणारच. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम १७१ होतं. सरकारी नोकराचा पोशाख किंवा ओळखीची खूण फसवण्याच्या हेतूनं वापरली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संहिता बदलली तरी हा गुन्हा राहिलाच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २०५मध्ये आहे, दंड मात्र पाच हजारांपर्यंत वाढलाय.

तेव्हाच्या गावकऱ्याला पडलेला प्रश्न आज आपल्याला पडतो, फक्त उलट्या बाजूनं. तो बिल्ला पाहून माणूस खरा की खोटा ते ठरवायचा. आपल्याला माणूस दिसत नाही, त्याच्या बिल्ल्याचा फोटो दिसतो.

मोडीत निघालेलं पितळ

हे जुने बिल्ले गेले कुठे? बरेचसे वितळले. पितळ आपल्याकडे कधी वाया जात नाही. जुनी घागर द्यायची, मोड वजनावर घालायची आणि वर थोडे पैसे देऊन नवं भांडं आणायचं. ‘मोडीत काढणं’ हा वाक्प्रचार आपण सरकार आणि पुढारी यांच्यासाठी वापरतो, पण मूळ व्यवहार भांड्यांच्या दुकानातला. यवतमाळच्या एका भंगारवाल्याला मी बिल्ल्यांबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, “हे तं किलोच्या भावानंच जाते ना, दादा. नाव कोन वाचते त्याच्यावरचं?”

खरे बिल्ले वितळले आणि घ्यायला गिऱ्हाईक मात्र तयार झालं, की मधली जागा नव्या मालानं भरते. जुन्या घाटाचे नवे बिल्ले शोभेची वस्तू म्हणून बनतात. ‘नवा, शोभेचा’ असं सांगून विकला तर त्यात काही गैर नाही. तोच बिल्ला ‘ब्रिटिशकालीन, दुर्मिळ’ म्हणून आला की अडचण सुरू होते.

१८८६चं यवतमाळ

मागच्या पावसाळ्यात मला एक बिल्ला विकायला आलेला दिसला. अंडाकृती, काळपट, वर मुकुट. इंग्रजीत कोरलेलं: येओतमाळ डिस्ट्रिक्ट, फॉरेस्ट डिपार्टमेंट, १८८६. खाली विक्रेत्याची ओळ: शंभर टक्के ओरिजिनल.

स्पेलिंग बरोबर होतं. इंग्रज यवतमाळ लिहिताना वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असंच लिहीत. मुकुटही चालण्यासारखा. चुकला होता तो जिल्हा. १८८६ साली यवतमाळ नावाचा जिल्हाच नव्हता.

झालं असं की १८५३च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. कागदोपत्री मालकी निजामाची, म्हणून इंग्रजांच्या दफ्तरात वऱ्हाडाचं नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. त्यातला आपला जिल्हा ‘वून’, म्हणजे वणी. गंमत अशी की जिल्ह्याचं नाव वणीचं आणि मुख्य ठाणं यवतमाळला. १९०२मध्ये वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे गेलं. १९०३मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला. आणि १९०५मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार केले. एलिचपूर आणि बासिम, म्हणजे आजचं अचलपूर आणि वाशीम, हे जिल्हे मोडले. बासिमचा पुसद तालुका आपल्याकडे आला आणि ‘वून’ जिल्ह्याचं नाव ‘येओतमाळ’ झालं.

म्हणजे १८८६च्या बिल्ल्यावर ‘वून डिस्ट्रिक्ट’ असतं तर मी थांबून पाहिलं असतं. ‘येओतमाळ तालुका’ असतं तरी विचार केला असता, कारण तालुका तेव्हाही होता. ‘येओतमाळ डिस्ट्रिक्ट’ मात्र शक्य नव्हतं.

ही यादी फोनच्या नोट्समध्ये ठेवा, कामी येईल. ‘सी. पी. अँड बेरार’ लिहिलेला बिल्ला १९०३च्या आधीचा असू शकत नाही. ‘बासिम डिस्ट्रिक्ट’ १९०५नंतरचा असू शकत नाही. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो थेट १९९८मध्ये. अशोकस्तंभाचे सिंह १९५०पासूनचे. यवतमाळच्या तहसिलीच्या दारात बसणारा पट्टेवाला १९५०मध्ये मध्य प्रदेश सरकारचा होता, १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्याचा झाला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्राचा. खुर्ची तीच, दार तेच, सरकारं तीन. त्यामुळे सिंहांच्या शेजारी ‘सी. पी. अँड बेरार’ दिसलं, तर पुढे सरका.

रेल्वेचंही असंच. मूर्तिजापूर–यवतमाळ ही छोटी लाइन कापसासाठी सुरू झाली. ती चालवायची ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वे. ५ नोव्हेंबर १९५१ला जीआयपीची मध्य रेल्वे झाली. म्हणून जीआयपीचा बिल्ला त्याच्या आधीचा असायला हवा. पण जीआयपी मुंबईपासून दूरदूर पसरलेली होती, नुसत्या त्या अक्षरांवरून बिल्ला यवतमाळचा ठरत नाही. स्टेशनचं नाव हवं. आणि ‘शकुंतला रेल्वे’ हे लोकांनी लाडानं दिलेलं नाव आहे. ते कोरलेला ‘ब्रिटिशकालीन’ बिल्ला कोणी विकत असेल, तर त्यानं आपली शकुंतला यूट्यूबवरच पाहिलेली असणार.

हा बिल्ला कुठला होता

कोणी म्हणेल, शोभेची वस्तू आहे, साल चुकलं तर काय बिघडलं? जंगल खात्याच्या बिल्ल्याच्या बाबतीत तरी बिघडतं.

या जिल्ह्यात राखीव जंगलातलं गवत आणि सरपण हा रोजच्या जगण्याचा प्रश्न होता. जंगलाच्या कडेला बिल्ला लावलेला माणूस उभा असला, की ढोरं आत जाणार की नाही ते तो ठरवायचा. १९३०मध्ये गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. आपल्याकडे मीठ करायला समुद्र नाही. मग वणीत जन्मलेले आणि यवतमाळात वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे यांनी जंगलचा कायदा निवडला. १० जुलै १९३०ला पुसदजवळ त्यांनी गवत कापून सत्याग्रह केला आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर हा जंगल सत्याग्रह बऱ्याच ठिकाणी पसरला. विळ्यानं पेंढीभर गवत कापणं हा गुन्हा होता, आणि तो गुन्हा आहे हे सांगायला सरकारतर्फे समोर उभा असायचा तो बिल्ला लावलेला माणूस. बहुतेकदा तोही इथलाच, तुटपुंज्या पगाराचा.

अशा वस्तूचा खोटा अवतार घरात येतो, मग त्याचं रील होतं, मग कोणीतरी ते ‘पुरावा’ म्हणून फिरवतं. १८८६मध्ये यवतमाळ जिल्हा होता, असं दहा हजार लोक मानायला लागतात. आपल्याकडे वस्तुसंग्रहालयात जपलेल्या वस्तू मुळातच कमी. त्यात खोट्यांची भर नको.

विक्रेता कसा ओळखायचा

त्या बिल्ल्याच्या विक्रेत्याला मी तीन गोष्टी विचारल्या. मागच्या बाजूचा फोटो, ग्रॅममध्ये वजन, आणि बिल्ला कुठून मिळाला. उत्तर आलं: “सर, लास्ट पीस आहे, लवकर बुक करा.” मी घेतला नाही. दोन आठवड्यांनी तोच ‘लास्ट पीस’ पुन्हा विकायला आला, त्याच ओरखड्यासकट.

हे तीन प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारतो. मागची बाजू खोटं बोलायला कच्ची असते. पट्ट्यावर बसवायच्या कड्या किंवा आकडे तिथं असतात, आणि वर्षानुवर्षांच्या वापरानं त्याच झिजतात. समोरची उंच अक्षरं गुळगुळीत आणि कड्या कोऱ्या असतील, तर झीज कानशीनं केलेली असण्याची शक्यता जास्त. कोरलेल्या अक्षराची कड धारदार असते. जुन्या बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत ती बोथट होते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात. जुना काळेपणा खोबणीत जास्त, घासल्या जाणाऱ्या जागी कमी असतो. सगळीकडे सारखा असेल तर तो रसायनाचा. बिल्ला हातात आल्यावर चुंबक लावा. पितळ चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे.

चांगला विक्रेता ओळखायची माझी खूण साधी आहे. तो कधीतरी “हे मला माहीत नाही” असं म्हणतो. मी घेतलेला एक बिल्ला विकणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं, की एक कडी नंतर डाग देऊन बसवलेली आहे. त्या दिवसापासून मी त्याच्याकडून डोळे झाकून नाही, पण निर्धास्तपणे घेतो.

पैशाचं म्हणाल तर पैसे साइटवरूनच भरा. “साइटवर कमिशन जातं, थेट यूपीआय करा” असं कोणी म्हणालं, तर तक्रारीचा तुमचा मार्गच बंद होतो. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटनं विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवायला हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी आणि महिन्याभरात ती निकाली काढायला हवी. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पैशांची सायबर फसवणूक झाली तर लगेच १९३०. तुम्हीच काही विकायला निघालात आणि समोरचा आधी ‘टॅक्स’ किंवा ‘फी’ मागायला लागला, तर तिथंच थांबा. जुनी नाणी-नोटांच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे पैसे उकळतात, म्हणून बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये लोकांना सावध केलं होतं.

कायद्याची एक बाजू अजून. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. खरा १९०५चा बिल्ला आता या वयाचा झालाय. म्हणजे जो व्यापारी ‘शंभर टक्के १८८६चा’ म्हणतो, त्याला परवान्याबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे. गंमत म्हणजे या प्रश्नावर बरेच बिल्ले अचानक तरुण होतात.

आणि सध्या वापरात असलेला हमालाचा बिल्ला कधीच घेऊ नका. रेल्वेत तो परवाना असतो, घरातल्या पुढच्या माणसाच्या नावावर होऊ शकतो. बाजारात फिरणारा तसला बिल्ला म्हणजे कोणाची तरी हरवलेली किंवा चोरलेली रोजी.

विकत घ्यायच्या आधी एकदा घरात विचारा. कोणाचे आजोबा छोट्या लाइनवर होते, कोणाचे जिनिंगमध्ये, कोणाचे जंगल खात्यात. एखादा बिल्ला देवघराच्या खणात, किल्ल्यांच्या जुडग्यात निघेल. निघालाच तर पुढून-मागून फोटो काढा, वजन करा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्या माणसाचं पूर्ण नाव विचारून नंबरच्या शेजारी लिहून ठेवा. सरकारनं बिल्ल्यावर नंबर कोरला होता. नाव फक्त घरच्यांनाच ठाऊक असतं.