फेरेट, कारवान आणि आपला ससा

काही वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीच्या मुलांशी गप्पा मारायला गेलो होतो. विषय होता 'माणसाने पाळलेले शिकारी प्राणी'. सोबत एक तक्ता नेला होता. त्यात जमिनीखाली फाटे फुटलेले सशाचे बीळ, एका तोंडातून आत शिरणारा फेरेट आणि दुसऱ्या तोंडावर लावलेले जाळे दाखवले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, पण ससा बिळात राहतच नाही. मग हा प्राणी आमच्या शिवारात काय करील?" त्याच्या आजोबांकडे वाघूर होती, म्हणजे ससे धरायचे जाळे. वर्ग हसला. मी मात्र गडबडलो, कारण मुलाचे बरोबर होते आणि माझ्या तक्त्याचेही.

गुंता आहे तो 'ससा' या शब्दात. या एका नावाखाली आपण दोन वेगळे प्राणी बसवले आहेत. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा युरोपातल्या रानसशाचा वंशज. इंग्रजीत तो रॅबिट. तो कळपाने राहतो, बिळे खोदतो आणि त्याची पिल्ले बिनकेसांची, डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या शिवारातला ससा म्हणजे हेअर, शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकोलिस. तो बीळ खोदत नाही. दिवसभर गवतात अंगाने दाबून केलेल्या खळग्यात दबून बसतो. त्याची पिल्ले केसाळ, उघड्या डोळ्यांची असतात, कारण त्यांना उघड्यावरच वाढायचे असते.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, म्हणून इथे ससा बीळ करत नसेल, असे कुणाला वाटेल. मला हे पटत नाही. त्याच शिवारातल्या बांधांत उंदीर-घुशी बिळे करतात, माळावर खोकडही करते. पाठलाग झाला तर ससा क्वचित खोकडाच्या बिळात शिरतोही, पण स्वतः खोदत नाही. कारण मातीत नाही, त्याच्या वंशात आहे.

आता फेरेटकडे वळू. तो दिसायला थोडाफार मुंगसासारखा, पण कूळ पाणमांजराचे. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने त्याला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवले. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळात स्पेनबद्दल लिहितो, की तिथे ससे पिकांचा फडशा पाडतात आणि लोक लिबियातून आणलेले असे प्राणी तोंड बांधून बिळात सोडतात. तोंड का बांधायचे? नाही तर तो आतच ससा मारून खातो आणि तिथेच झोपतो. भूमध्य समुद्रातल्या बॅलेरिक बेटांवरच्या लोकांनी तर सशांविरुद्ध सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली होती, असे प्लिनी सांगतो.

नर आणि मादी यांची कामेही वेगळी ठरली. नराला 'हॉब' म्हणतात, मादीला 'जिल'. नर वजनाने मादीच्या जवळजवळ दुप्पट भरतो. सडपातळ मादी अरुंद वाटांतून सहज फिरते आणि ससे बाहेर पिटाळते, म्हणून मोकळी सोडायला तीच बरी. पण ती आत मेलेल्या सशापाशी अडून बसली, तर दांडग्या नराच्या गळ्याला लांब दोरी बांधून त्याला आत सोडत. तो मादीला हुसकावून सशाचा ताबा घेई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. त्या मोजून तो किती आत गेला ते कळे आणि मग दोरीच्या मागाने खणत जायचे. दोन नर मात्र एका बिळात सोडत नसत, ते ससा विसरून आपसांत भांडत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोरीची जागा संदेश पाठवणाऱ्या गळपट्ट्याने घेतली.

इंग्लंडमध्ये हा प्राणी कोणी पाळावा यावरही कायदा झाला. १३९० च्या सुमाराचा. वर्षाला चाळीस शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असणाऱ्याने शिकारी कुत्रा किंवा फेरेट ठेवायचा नाही! ससा पोट भरणारा होता, म्हणूनच तो गरिबाच्या हाती लागू द्यायचा नव्हता. पुढे न्यूझीलंडमध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधी ससे नेले आणि ते अनावर झाल्यावर १८८० च्या दशकात त्यांच्यावर हजारो फेरेट सोडले. ससे संपले नाहीत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी मात्र संकटात आले.

मराठवाड्यात हे सारे का घडले नाही, याचे उत्तर त्या मुलाने दिलेच होते. जो ससा बिळात जातच नाही, त्याच्यासाठी बिळात शिरणारा शिकारी कोण पाळणार? इथे हवा होता पळणारा. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर असलेला, वासापेक्षा नजरेवर शिकार धरणारा कारवान कुत्रा तसाच आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची पैदास जोपासली, म्हणून कर्नाटकात तो मुधोळ. २००५ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढले. फेरेटचा आखूड पायांचा, लवचिक, नळीसारखा देह त्याच्या शेजारी ठेवून पाहा. दोन्ही शरीरे भक्ष्याच्या सवयीने घडवली आहेत, फक्त निवड माणसाने केली. कुत्र्याने शिकार करण्याची चाल इकडे जुनीच. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना कुत्र्यांवर वेगळे प्रकरण लिहिले आहे. परभणीचा मुलूख तेव्हा त्याच्याच राज्यात होता.

वाघूरही याच तर्काने चालते. बिळाच्या तोंडावर नव्हे, तर सशाच्या रोजच्या वाटेवर ती आडवी लावत आणि मग रान उठवत. आजोबांना सशाच्या वाटा ठाऊक होत्या, म्हणून नातवाला बिळाचा तक्ता खोटा वाटला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून जाळ्याने असो वा कुत्र्याने, सशाची शिकार हा गुन्हा आहे. ती वाघूर आता माळ्यावर पडून असेल, तिच्याबरोबरचे ज्ञान मात्र वर्गात येऊन बसले होते.

तो तक्ता मी टाकला नाही. खाली 'युरोपातला ससा' असे लिहिले आणि बाजूला गवतातल्या खळग्याचे चित्र काढून घेतले. तुमच्या शाळेजवळ माळ असेल, तर हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी मुलांना घेऊन जा. सशाच्या गोल, कोरड्या लेंड्या ओळखायला सोप्या असतात. त्या सापडतील तिथून दबलेले गवत शोधायला लावा. वाटेत बीळ दिसले, तर ते कुणाचे यावर वाद घालू द्या, पण कुणालाही त्यात हात घालू देऊ नका.