निरोगी मान ओळखायची कशी?

साकोलीसारख्या तालुक्याच्या गावीही ‘सोनोग्राफी’ हा शब्द आता कोणाला नवा नाही. मात्र तो ऐकला की आपल्याला पोट आठवते, मान नाही. मानेची सोनोग्राफी करणाऱ्याला रोगाच्या आधी निरोगी मान ओळखता यावी लागते. ही ओळख यंत्राबरोबर आलेली नाही. तिला काही शतके लागली, आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली.

गळ्याची सूज आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होती. सुश्रुतसंहितेत ‘गलगंड’ या नावाने तिचे वर्णन आहे. १६५६ साली इंग्लंडच्या थॉमस व्हार्टन यांनी गळ्यातील ग्रंथीला ढालीवरून ‘थायरॉइड’ हे नाव दिले. आपल्या पाठ्यपुस्तकातील अवटु ग्रंथी ती हीच. तिचे काम काय? मानेला गोलाई आणि शोभा देणे, असे व्हार्टन यांना वाटे!

एकोणिसाव्या शतकात शल्यचिकित्सक वाढलेली ग्रंथी पूर्ण काढू लागले. असे रुग्ण पुढे शरीराने व बुद्धीने मंद होतात, हे स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी १८८३ साली दाखवले. काही रुग्णांच्या हातापायांना पेटके येत, काही दगावत. अवटु ग्रंथीच्या मागे चिकटलेल्या, आपल्या भंडाऱ्याच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार परावटु ग्रंथीही नकळत कापल्या जात होत्या. रिचर्ड ओवेन यांना १८५० च्या सुमारास त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील भारतीय गेंड्यात दिसल्या होत्या. माणसातील परावटु ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० साली प्रसिद्ध केले, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

श्राव्यातीत ध्वनीने पोटातील गाठी पाहण्याचे काम ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. १९६७ साली जपानच्या फुजिमोतो यांनी तीच पद्धत अवटु ग्रंथीला लावली. राखाडी छटांची चित्रे १९७० च्या दशकात आली, आणि आतले बारकावे दिसू लागले.

आज पडद्यावर काय दिसते? मध्ये श्वासनलिका. तिच्यातील हवेमुळे ध्वनी पुढे जात नाही, म्हणून एक ठळक कमान आणि तिच्याखाली सावली. दोन्ही बाजूंना अवटु ग्रंथीचे एकसारख्या राखाडी पोताचे भाग. त्यांच्या बाहेर धडधडणारी, गोल, काळी रोहिणी. तिच्या शेजारची शीर यंत्राच्या हलक्या दाबानेही चपटी होते. डाव्या भागामागे एक वर्तुळ दिसते. नवख्याला ती गाठ वाटते, पण रुग्णाने आवंढा गिळला की ते हलते. ती अन्ननलिका! निरोगी परावटु ग्रंथी मात्र बहुधा दिसतच नाहीत. तेव्हा न दिसणे हेही निरोगीपणाचेच चित्र असू शकते.

याची सुरुवात वर्गात यंत्राशिवायही करता येईल. आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट घ्यायला सांगावे. कंठमणी वर जाऊन खाली येतो. त्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगलेली अवटु ग्रंथीही त्याच्याबरोबर हलते. म्हणूनच गळ्याची गाठ तपासताना डॉक्टर आधी आवंढा गिळायला सांगतात.