हिशोबपट्टीवरचा धर्मादा

भुसार मालाच्या आडतीवर शेतकऱ्याला पूर्वी जी हिशोबपट्टी मिळायची, तिचा वरचा भाग सरळ असायचा. ज्वारीची पोती किती, वजन किती, भाव काय आणि रक्कम किती झाली. खरा मजकूर खालच्या भागात असे. आडत, हमाली, तोलाई असे आकडे एकेक करून वजा होत जायचे आणि त्यांच्याच रांगेत एक लहानसा आकडा बसलेला असायचा, धर्मादा. किराणा दुकानदार घाऊक पेढीवरून गूळ, डाळ, तेल उचली, तेव्हा त्याच्याही बिलात हा आकडा येई. फरक इतकाच, की तिथे तो वजा न होता मिळवला जाई. रक्कम अशी, की तिच्यासाठी हुज्जत घालायला कोणी थांबू नये. पण पोत्यापोत्यामागे जमत जाणाऱ्या या पैशावर गावोगाव पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई, पाठशाळा चालत.

ही पद्धत काही एकट्या सोलापूरची नव्हे. मुंबईची पांजरपोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने उभी राहिली, तेव्हा तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर ठरावीक आकार बसवून घेतला होता. सोलापूरला १८६० साली रेल्वे आली आणि मराठवाडा, कर्नाटकाच्या सीमेवरचे हे गाव मोठी उतारपेठ झाले. लिंगायत वाणी, गुजर जैन, मारवाडी, कोमटी अशा अनेक समाजांच्या पेढ्या इथे नांदल्या. प्रत्येकाचा देव वेगळा, पण वहीतले धर्मादा खाते मात्र सगळ्यांच्या ओळखीचे. आज आपण सोलापुरात रिक्षावाल्याला ‘पांजरापोळ चौक’ म्हणून सांगतो, तेव्हा त्या नावामागे हा सारा व्यवहार उभा आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

प्रश्न असा, की हा पैसा कोणाचा? तो देणारा शेतकरी किंवा गिऱ्हाईक, जमा करणारा व्यापारी, आणि दगडावर नाव कोरले जाणार ते बहुधा व्यापाऱ्याचेच.

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. दान मोठेच, पण धान्य दुसऱ्याचे. म्हणून तर कथेत विठोबाला विठू महार होऊन बेदरला जावे लागते, धान्याची किंमत चुकती करावी लागते आणि रीतसर पावती घ्यावी लागते. आपण त्या कथेतली भक्ती पाहतो; मला ती पावती फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या मालावर केलेल्या धर्माचाही हिशोब चुकता झाला पाहिजे, हे कथा रचणाऱ्या लोकांना पक्के कळले होते.

वाण्याच्या धर्माची खरी कसोटी दुष्काळात लागते. १८९६ साली पाऊस दगा देऊन गेला आणि भाव चढले, तेव्हा सोलापुरात धान्यासाठी दंगा झाला. इथे शेतकऱ्यांइतकाच विणकरही अडचणीत होता. कापडाला उठाव नाही, हातमाग बंद, आणि धान्य तर विकतच घ्यायचे. लोकमान्य टिळक त्या काळात सोलापूरला आले, स्थानिक मंडळींची समिती उभी केली आणि विणकरांना काम पुरवण्याची योजना सरकारपुढे ठेवली. सरकारने ती मानली नाही. पुण्यात मात्र टिळकांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडवली आणि तिथली लुटालूट टळली. अशा वर्षी पोत्यामागे बाजूला ठेवलेल्या धर्मादायापेक्षा पोत्याचा भाव किती धरला, यावरच गावाचे पोट अवलंबून असते. गाईला चारा घालणारा आणि साठा दाबून ठेवणारा माणूस एकच असू शकतो, आणि तसा तो असलाही पाहिजे. नाहीतर दुकाने फुटली नसती. अर्थात, दंगा फक्त साठेबाजीमुळेच होतो असेही नाही. भुकेला माणूस चांगल्या-वाईट पेढीची निवड करत बसत नाही.

पुढे शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८च्या आपल्या अहवालात बाजारातल्या या वजावटींवर बोट ठेवले. शेतकऱ्याला विचारले जात नाही, त्याच्या पट्टीतून पैसे कापले जातात आणि धर्म मात्र दुसऱ्याच्या मर्जीचा होतो, ही तक्रार रास्तच होती. वऱ्हाडात १८९७ सालीच कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला होता. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापसासाठी आणि १९३९ साली एकूण शेतमालासाठी कायदे आले. ठरवून दिलेल्या खर्चाखेरीज दुसरे काही कापायचे नाही, हा या कायद्यांचा गाभा.

म्हणून धर्मादा संपला का? नाही. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला. धर्मादाय आयुक्त हे पद त्यातूनच आले. त्या कायद्याच्या ५४व्या कलमात आपल्या बाजारातला हा जुना शब्द जसाच्या तसा उतरला आहे. व्यापाराच्या रिवाजाने किंवा कराराने धर्मकार्यासाठी म्हणून जी रक्कम गिऱ्हाइकाकडून घेतली जाते, ती घेणाऱ्याकडे विश्वस्त म्हणून राहते, असे हे कलम सांगते. हिशोबाचे वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत तिचा हिशोब धर्मादाय कार्यालयाला द्यायचा. गल्ल्यात पडलेला तो पैसा गल्ल्याच्या मालकाचा नाही, हे कायद्याने लिहून ठेवले.

प्राप्तिकर खात्याला हे पटायला बराच वेळ लागला. पैसे व्यापाऱ्याच्या वहीत आले, म्हणजे ते त्याचे उत्पन्न, असे खात्याचे म्हणणे. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बिलात वेगळ्या ओळीने घेतलेला धर्मादा हा घेतल्या क्षणापासून धर्मकार्याचाच आहे, ते मिलचे उत्पन्न नव्हे, असा निकाल १९७८ साली लागला. म्हणजे व्यापाऱ्याला करातून सूट मिळाली ती तो दानशूर आहे म्हणून नव्हे, तर पैसा त्याचा नाहीच म्हणून!

स्वतःच्या खिशातून देणारेही याच गावात होते, हे सांगायला हवे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी न्यायाने मिळवलेली आपली संपत्ती धर्मकार्यास द्यायचे ठरवले. जैन संस्कृति संरक्षक संघासाठी त्यांनी आधी तीस हजार रुपये काढून ठेवले आणि १९४४ साली उरलेली सुमारे दोन लाखांची मिळकतही संघाला देऊन टाकली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत ‘तिलोयपण्णत्ति’सारखे प्राचीन प्राकृत ग्रंथ संपादित होऊन सोलापुरातून बाहेर पडले. तिथे दात्याचे नाव पुस्तकावर आहे आणि ते असावेच.

धर्मादायाच्या खात्यात मात्र देणाऱ्याचे नाव कधी नव्हतेच. एकरकमी जमा, एकरकमी खर्च. मंगळवेढ्याहून ज्वारी घेऊन आलेला कोणी शेतकरी, महिन्याचा किराणा भरणारा कोणी विणकर, असे कितीतरी जण त्या एका बेरजेत आहेत. आता दुकानाच्या फळीवर गोशाळेची, अनाथाश्रमाची डबी दिसते. सुटे पैसे परत घेताना गिऱ्हाईक त्यातले नाणे स्वतःच्या हाताने तिच्यात टाकते, किंवा टाकत नाही.