भूपेन खख्खर : दुकानांच्या पाट्या आणि गॅलरीत उभा असलेला माणूस

भूपेन खख्खर (१० मार्च १९३४ – ८ ऑगस्ट २००३) हे आधुनिक भारतीय चित्रकलेतील एक महत्त्वाचे नाव. मुंबईत जन्मलेले, व्यवसायाने हिशेबनीस आणि चित्रकलेत बरेचसे स्वशिक्षित. शहरातील लहान दुकानदार, कारागीर आणि कारकून यांना त्यांनी कॅनव्हासवर मानाची जागा दिली. स्वतःचे समलिंगी असणे चित्रांतून उघडपणे मांडणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रकारांपैकी ते एक होते, आणि तेही समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा असलेल्या काळात.

खेतवाडी ते बडोदा

खख्खर यांचे बालपण गिरगावजवळच्या खेतवाडीत गेले. घरात गुजरातीबरोबर मराठी आणि हिंदीही बोलली जाई, इंग्रजी मात्र जेमतेम. वडील परमानंद हे भूपेन चार वर्षांचे असतानाच गेले. चार भावंडांत हे शेंडेफळ, त्यामुळे आई महालक्ष्मी यांच्या साऱ्या आशा त्यांच्यावर. मुंबई विद्यापीठात पाऊल टाकणारे ते घरातले पहिलेच. मुलगा सी.ए. झाला, आता घर मार्गी लागले, असे घरच्यांना वाटले असेल तर त्यात नवल नाही.

पण संध्याकाळी त्यांचे पाय सर जे.जे. कला महाविद्यालयाच्या वर्गाकडे वळत. १९५८मध्ये त्यांची ओळख चित्रकार-कवी गुलाममोहम्मद शेख यांच्याशी झाली. शेख यांच्या आग्रहावरून १९६२मध्ये ते बडोद्याला गेले आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला बसले. मराठी वाचकांना बडोदे सयाजीरावांमुळे परके नाही. त्या काळात हे शहर भारतीय चित्रकलेचे नवे केंद्र बनत होते. खख्खर तिथे गेले ते कायमचेच.

हिशेबाची नोकरी मात्र त्यांनी सोडली नाही. एका कारखान्यात अर्धवेळ काम करून ते पोट भरत आणि उरलेल्या वेळात रंगवत. चित्रे विकली गेलीच पाहिजेत, ही सक्ती त्यामुळे राहिली नाही. त्यांच्या पुढच्या धाडसामागे या पगाराचाही वाटा असावा.

बाजारातली चित्रे, बाजारातली माणसे

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत १९६५मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. त्यात देवदेवतांची छापील चित्रे कापून, चिकटवून केलेली कोलाज होती. रविवर्म्यांच्या छापखान्याच्या काळापासून ही चित्रे घराघरांत, दुकानांच्या गल्ल्यावर आणि दिनदर्शिकांवर पोचली होती. ‘अभिरुचीसंपन्न’ कलाजगत त्यांच्याकडे नाक मुरडून पाही. खख्खर यांनी नेमके तेच उचलले.

१९७०च्या दशकात त्यांनी ‘व्यवसायचित्रे’ म्हणून ओळखली जाणारी मालिका केली. ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डी-लक्स टेलर्स’ आणि ‘बार्बर्स शॉप’ ही चित्रे १९७२ची आहेत. नावे वाचूनच दुकानाची पाटी डोळ्यांसमोर येते. घड्याळजी, शिंपी किंवा न्हावी आपल्या अवजारांच्या गराड्यात बसलेला असतो. रंग भडक, पण आकार नीटस आणि निश्चल. ब्रिटिश काळात कंपनीच्या साहेबांसाठी देशी चित्रकार ‘जातीधंद्यांची’ चित्रे काढत. त्या परंपरेचा धागा इथे दिसतो. फरक एवढाच, की साहेबाला तो माणूस नमुना म्हणून हवा असे, तर खख्खर यांना तो शेजारी म्हणून दिसत होता. १९७५च्या ‘मॅन विथ बुके ऑफ प्लास्टिक फ्लॉवर्स’मध्ये हातात प्लास्टिकची फुले घेतलेला एक मध्यमवयीन गृहस्थ समोर पाहतो आहे. हसावे की गलबलावे, ते कळत नाही.

खट्याळपणा त्यांच्या स्वभावातच होता. १९७२च्या एका प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात त्यांनी स्वतःचीच जेम्स बाँड आणि मिस्टर युनिव्हर्सच्या आविर्भावातली छायाचित्रे छापली होती. गुजरातीत ते कथा-नाटकेही लिहीत. ‘मौजिला मणिलाल’ हे त्यांचे नाटक त्यातलेच.

सोबतची मंडळी

खख्खर एकटे काम करणारे नव्हते. शेख यांच्यासोबत त्यांनी १९६९पासून काही वर्षे ‘वृश्चिक’ हे नियतकालिक चालवले. १९७६पासून विवान सुंदरम हे कसौलीला कलावंतांच्या कार्यशाळा भरवत. चित्रकार तिथे एकत्र राहत, काम करत आणि वादही घालत. अशा गाठीभेटींतूनच ‘प्लेस फॉर पीपल’ हे गाजलेले प्रदर्शन १९८१मध्ये मुंबई आणि दिल्लीत उभे राहिले. अमूर्त चित्रांची चलती असताना चित्रात पुन्हा माणूस आणि त्याची गोष्ट आणायची, हा त्यामागचा आग्रह. सहा चित्रकारांमध्ये खख्खर, शेख आणि सुंदरम यांच्यासह नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन होते. पुण्यात जन्मलेले पटवर्धन हे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत आणि मुंबईतील कामगार, लोकल गाड्या, वस्त्या रंगवत. शहराच्या चित्रणात त्या काळी मोलाची भर घालणारे हे दोघे, एक हिशेबनीस आणि एक डॉक्टर, दोघेही बाहेरून आलेले. हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

१९८१ : आडपडदा गेला

आपण समलिंगी आहोत, हे खख्खर यांना तरुणपणापासून माहीत होते. तरी अनेक वर्षे ते त्यांनी दडवून ठेवले. आई काय म्हणेल, मित्र काय म्हणतील ही धास्ती होती. १९७९मध्ये इंग्लंडमध्ये बाथ येथे शिकवायला गेले असता ते चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांच्याकडे राहिले. तिथे पुरुष जोडपी उघडपणे एकत्र संसार करताना त्यांनी पाहिली. १९८०मध्ये आईचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या चित्रांत जो मोकळेपणा आला, त्याचा संबंध या दोन्ही घटनांशी लावला जातो.

१९८१चे ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे त्याचे पहिले मोठे उदाहरण. सुमारे पावणेदोन मीटर लांबी-रुंदीचा हा चौरस कॅनव्हास. डाव्या-उजव्या बाजूला गावाचे जिणे पसरलेले आहे आणि त्यात बापलेक व गाढवाची गोष्ट टप्प्याटप्प्याने घडते. ही गोष्ट मराठी घरांत लहानपणीच सांगितली जाते : बाप बसला तर लोक नावे ठेवतात, मुलगा बसला तरी ठेवतात, दोघे बसले तरी ठेवतात आणि कुणीच बसले नाही तरी ठेवतात. पुढे गॅलरीत एक नागडा माणूस पाठमोरा उभा राहून हे सारे पाहतो आहे. तो चित्रकार स्वतः आहे. घर आणि रस्ता यांच्या मधोमध, खांद्यावर कपडा नाही आणि लपायला आडोसाही नाही.

पाठोपाठ १९८२मध्ये ‘टू मेन इन बनारस’ आले. एका बाजूला दोन नग्न पुरुष मिठीत आहेत आणि मागे काशीची छोटी मंदिरे, भाविक आणि रोजची लगबग चालू आहे. प्रेम आणि भक्ती यांना वेगवेगळ्या खोल्यांत बंद करायला चित्रकार तयार नाही. १९८७च्या ‘ययाति’ चित्रात बापाने मुलाकडे यौवन मागितल्याची कथा येते. मराठी वाचक ती खांडेकरांच्या कादंबरीतून ओळखतात; खख्खर यांच्या चित्रात मात्र वृद्ध आणि तरुण देहांमधली ओढ हाच गाभा बनतो. स्वतःपेक्षा वयाने मोठ्या, साध्या पुरुषांवर त्यांनी प्रेम केले. त्यामुळे त्यांच्या चित्रांतले प्रेमिक पिळदार शरीराचे नाहीत. टक्कल, पोट आणि सैल कातडी असलेली, कारकुनासारखी दिसणारी ती माणसे आहेत.

या काळाकडे पाहताना एक गोष्ट विसरता येत नाही. १८६०च्या दंडसंहितेतील कलम ३७७ तेव्हा लागू होते. मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघाले ते १९९०मध्ये, ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला १९९४मध्ये आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा ‘समपथिक ट्रस्ट’ त्यानंतर, २००२मध्ये. म्हणजे खख्खर यांनी हे रंगवले तेव्हा पाठीशी उभा राहील असा संघटित समुदायच नव्हता. आज बंगळूरूचा ‘अरवाणी आर्ट प्रोजेक्ट’ (२०१६) तृतीयपंथी स्त्रियांना सोबत घेऊन शहरांच्या भिंती रंगवतो, तर २००७मध्ये सिएटलच्या गॅब्रिएल कँपानारिओ यांनी सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ चळवळीमुळे मुंबई-पुण्यातही लोक गटाने रस्त्यावर बसून शहर रेखाटतात. खख्खर यांच्या वेळी असा गट नव्हता. मित्र होते, तेवढाच आधार.

आजार आणि उत्तरकाळ

१९८४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२मध्ये जर्मनीतील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली आणि २००० साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार मिळाला. सलमान रश्दी त्यांचे स्नेही. रश्दींच्या ‘द मूर्स लास्ट साय’ कादंबरीतील एका हिशेबनीस पात्रामागे खख्खर आहेत आणि त्यांनी रश्दींचे काढलेले चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

शेवटच्या काही वर्षांत त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. तोही त्यांनी लपवला नाही. ‘बुलेट शॉट इन द स्टमक’ (२००१) यांसारख्या चित्रांत फाटलेले, दुखणारे शरीर थेट समोर येते, आणि त्यातही कुठेतरी त्यांचा जुना वात्रटपणा डोकावतो. बडोद्यातच त्यांचे निधन झाले. कलम ३७७मधून प्रौढांमधील संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी.

२०१६मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. नाव होते अर्थातच ‘यू कान्ट प्लीज ऑल’. एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या समीक्षकाने त्यावर इतकी झोड उठवली की अनेकांना खख्खर यांच्या बाजूने लिहावे लागले. २०१९मध्ये ‘टू मेन इन बनारस’ लंडनच्या लिलावात पंचवीस लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. गॅलरीतल्या पाठमोऱ्या माणसाचे चित्र टेटच्या संग्रहात आहे. १९९६मध्ये त्यांनी ते विकत घेतले होते.